डॉ. मारिया मॉन्टेसरी आणि लाकडाचे तुकडे





मागच्या पालक सभेत एका आजोबांनी आम्हाला जरा रागावूनच विचारले, की दुसरीची मुले तास-तासभर जमिनीवर बसून लाकडी नकाशाचे तुकडे जुळवीत असतात, मग वाचन-लेखन केव्हा होते? फी खेळण्यासाठी भरायची का? सभेत आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही आणि खरे सांगायचे तर आमचेही समाधान झाले नाही. म्हणून या अंकातील चरित्र-परिचयासाठी आम्ही मुद्दाम डॉ. मारिया मॉन्टेसरी यांची निवड केली आहे. आपल्या इंदूरात गल्लोगल्ली शिशुशाळांच्या पाट्यांवर हे नाव वाचायला मिळते. कोणी मॉन्टेसरी लिहितो, कोणी मांटेसरी. हे नाव पाटीवर लावायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला चार पानांचा गृहपाठ देणारी शाळाही ते खुशाल लावते. पण ही बाई कोण, कोठली आणि तिने लाकडाच्या तुकड्यांना एवढे महत्त्व का दिले, हे फारसे कोणी सांगत नाही.

आमचीच गोष्ट घ्या. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी ती घरची. बी.एड.च्या हिंदी पुस्तकात मॉन्टेसरी पद्धतीवर दोन पाने होती. ज्ञानेंद्रियांचे प्रशिक्षण, स्वातंत्र्य, उपकरणे असे मुद्दे आम्ही पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळविले. मात्र त्या उपकरणांपैकी एकही आम्ही तोपर्यंत हातात धरले नव्हते. आमच्या प्राध्यापकांनी तरी धरले होते की नाही, देव जाणे.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या कियारावाल्ले या लहान गावी झाला. वडील अलेस्सांद्रो हे सरकारी अधिकारी, तंबाखूच्या सरकारी उद्योगाचे काम पाहणारे. स्वभावाने जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे मात्र चांगली वाचलेली होती आणि मुलीने शिकावे अशी तिची मनापासून इच्छा होती. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आले. तेराव्या वर्षी या मुलीने मुलांच्या तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला, कारण तिला इंजिनिअर व्हायचे होते. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे असे वडिलांचे मत होते. शिक्षिका सोडून मी वाटेल ते होईन, असा तिचा हट्ट होता म्हणतात. पुढे जे झाले ते पाहता याचे हसू येते. इंजिनिअरिंगचा विचार मागे पडला आणि तिने वैद्यकशास्त्र घ्यायचे ठरविले. मुलग्यांबरोबर एकाच खोलीत शवविच्छेदन करणे त्या काळी अशोभनीय समजले जाई, म्हणून वर्ग सुटल्यावर संध्याकाळी एकटीने प्रेताजवळ उभे राहून तिला तो अभ्यास पुरा करावा लागला. १८९६ साली ती रोम विद्यापीठातून डॉक्टर झाली. इटलीतील अगदी पहिल्या महिला डॉक्टरांत त्यांची गणना होते. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी इटलीच्या वतीने भाषण केले व स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळावे अशी मागणी मांडली.

यानंतर त्या रोम विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करू लागल्या. कामानिमित्त त्यांना वेड्यांच्या इस्पितळात जावे लागे. तेथे मतिमंद मुलांनाही वेड्यांबरोबरच कोंडून ठेवलेले असे. एका खोलीतील मुले जेवण झाल्यावर जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे वेचत व चिवडत बसत. राखणदार बाई त्यांना हावरट म्हणून हिणवी. डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की त्या खोलीत मुलांनी हातात धरावी अशी दुसरी एकही वस्तू नाही. ती मुले भुकेने पाव वेचत नव्हती, त्यांच्या हातांना काही काम हवे होते. मारियाबाईंच्या पुढील सगळ्या कामाची सुरुवात आम्हाला या खोलीत दिसते.

मग त्यांनी जुनी पुस्तके शोधली. दोन फ्रेंच डॉक्टर त्यांना सापडले. पहिले इटार्ड. फ्रान्समधील आव्हेरों भागाच्या रानात वाढलेला एक मुलगा १८०० साली माणसांत आला. त्याला बोलता येत नव्हते. इटार्ड यांनी त्याला काही वर्षे शिकविले. एका फळीवर लाल वर्तुळ, निळा त्रिकोण, काळा चौकोन चिकटवायचा आणि तसेच सुटे तुकडे त्याच्या हातात देऊन ज्याच्या त्याच्या जागी ठेवायला लावायचे, हा त्यांच्या धड्यांपैकी एक. दुसरे सेगँ, इटार्ड यांच्याच परंपरेतले. त्यांनी फळीत आकारांचे खळगे कोरले व त्यांत नेमके बसतील असे ठोकळे केले. गोल ठोकळा चौकोनी खळग्यात बसणारच नाही. मारियाबाईंनी या दोघांचे लेखन इटालियनमध्ये स्वतःच्या हाताने पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवून काढले. प्रत्येक शब्दाचा अर्थ सावकाश मनात उतरावा म्हणून त्या लिहीत बसल्या. छपाईची सोय होती, घाई असती तर कोणाकडून उतरवून घेता आले असते.

येथे एक गोष्ट सांगून टाकू. तुकडे जुळवायचे नकाशे याहूनही जुने आहेत. लंडनमधील जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने १७६० च्या दशकात नकाशा पातळ लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला आणि भूगोल शिकण्यासाठी विकायला काढला. आज दुकानात मिळणाऱ्या जिगसॉचा मूळपुरुष तोच मानतात. म्हणजे हे कोडे जन्मले ते अभ्यासाचे साधन म्हणून, फुलांची आणि कुत्र्याच्या पिलांची चित्रे त्यावर नंतर आली. आमच्या रागावलेल्या आजोबांसाठी ही माहिती मुद्दाम देत आहोत.

१९०० साली रोममध्ये मतिमंद मुलांसाठी शिक्षक तयार करणारी एक संस्था सुरू झाली व मारियाबाई तिच्या दोन संचालकांपैकी एक झाल्या. दिवसभर त्या मुलांबरोबर असत आणि रात्री टिपणे काढीत. ज्यांना समाजाने टाकून दिले होते अशा त्यांच्या काही मुलांनी सर्वसाधारण मुलांच्या सरकारी परीक्षेला बसून वाचन-लेखनात यश मिळविले. सगळीकडे वाहवा झाली. पण बाईंच्या मनात भलताच प्रश्न आला. आमची ही मुले जर एवढे करू शकतात, तर नेहमीच्या शाळेतील धडधाकट मुले इतक्यावरच का अडकून राहतात? शाळाच त्यांना दाबून ठेवीत असेल का? आपण शिक्षक मंडळी हा प्रश्न स्वतःला सहसा विचारीत नाही.

या काळातील एक गोष्ट लिहावी की नाही, यावर आम्ही बराच विचार केला. लिहितो, कारण तिच्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. संस्थेतील सहसंचालक डॉ. मोंतेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ साली मुलगा झाला. त्यांचे लग्न झालेले नव्हते. त्या काळच्या इटलीत ही गोष्ट बाहेर पडती तर बाईंचे सगळे काम तेथेच संपले असते. मारिओ नावाचा तो मुलगा गावाकडे एका कुटुंबात वाढविण्यास ठेवला गेला. आई भेटायला जाई, परंतु ही आपली आई हे त्याला सांगितले गेले नव्हते. १९०१ मध्ये मोंतेसानो यांनी दुसरीशी लग्न केले. बाईंनी ती संस्था सोडली आणि तिशी उलटल्यावर पुन्हा विद्यापीठात जाऊन तत्त्वज्ञान व मानवशास्त्राचा अभ्यास सुरू केला. मुलगा पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्यांच्याजवळ राहायला आला नाही. नंतरही कित्येक वर्षे जगाला तो त्यांचा पुतण्या किंवा दत्तक म्हणून माहीत होता. दुसऱ्यांच्या मुलांसाठी जिने जन्म वेचला तिच्या स्वतःच्या घरी हे असे होते. आम्ही यावर निवाडा करीत नाही.

आता सॅन लोरेंझो. रोममधील ही गरिबांची वस्ती. तेथे एका बांधकाम कंपनीने पडीक इमारती दुरुस्त करून कामगार कुटुंबांना भाड्याने दिल्या. आई-बाप दिवसभर कामावर जात आणि शाळेच्या वयाची नसलेली लहान पोरे जिन्यांत धुडगूस घालीत, भिंती खराब करीत. भिंती रंगविण्याचा खर्च वाचावा म्हणून कंपनीने एक खोली दिली व मुलांना सांभाळण्याची व्यवस्था करण्यास बाईंना सांगितले. शिक्षणाच्या इतिहासातील एवढी मोठी गोष्ट चुन्याच्या खर्चावरून सुरू झाली! ६ जानेवारी १९०७ रोजी ही शाळा उघडली. नाव ठेवले बालकांचे घर. तीन ते सहा वर्षांची पन्नासेक मुले, रडकी, बुजरी, एकमेकांना घट्ट धरून उभी राहिलेली. शिकविण्यासाठी प्रशिक्षित शिक्षिका नव्हती, एका साध्या मुलीला नेमले होते. बाईंनी तिला फारसे काही शिकवू नकोस असेच बजावले होते. मतिमंद मुलांसाठी बनविलेली लाकडी साधने त्यांनी तेथे आणून ठेवली आणि त्या पाहत राहिल्या.

त्या साधनांत दट्ट्यांची पेटी होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबट जाड लाकडात ओळीने दहा भोके, प्रत्येकात एक लाकडी दट्ट्या. वर धरायला छोटीशी मूठ. एका पेटीत दट्टे जाडीने कमी होत जातात, दुसरीत उंचीने. सगळे बाहेर काढायचे, मिसळायचे आणि परत ज्याच्या त्याच्या भोकात बसवायचे. एवढेच. तीन वर्षांची एक मुलगी हे करीत बसली होती. तिने पुन्हा काढले, पुन्हा बसविले. बाई मोजू लागल्या. मग परीक्षा पाहण्यासाठी त्यांनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणत फिरायला लावले. मुलगी ढळली नाही. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तर तिने दट्टे मांडीवर घट्ट धरले आणि तेथेच काम सुरू केले. चाळीसहून अधिक वेळा झाल्यावर ती आपोआप थांबली, झोपेतून उठल्यासारखी इकडे तिकडे पाहू लागली आणि हसली. दमलेली नव्हती, उलट ताजीतवानी दिसत होती.

लहान मुलाचे लक्ष दोन मिनिटे टिकत नाही असे आपण सगळेच म्हणतो. सॅन लोरेंझोच्या त्या मुलीचे लक्ष कोणी धरून ठेवले होते? शिक्षिकेने नव्हे. त्या पेटीची रचना अशी, की जाड दट्ट्या बारीक भोकात जात नाही. बारीक दट्ट्या मोठ्या भोकात घातला तर जातो खरा, पण शेवटी एक दट्ट्या हातात उरतो आणि त्याला जागा नसते. मग मूल स्वतःशीच थबकते, मागे जाऊन पाहते, चूक कोठे झाली ते शोधते. चूक दाखविणारा लाकडाचा तुकडा असतो, त्यामुळे लाल शाईची फुली नाही, वर्गात हसणे नाही, मास्तरांच्या कपाळावरची आठी नाही. म्हणूनच मुलगी न घाबरता पुन्हा पुन्हा करीत राहिली. आमच्या मते मॉन्टेसरीबाईंच्या सगळ्या कामाचा गाभा येथे आहे, आणि त्या दोन पानांच्या बी.एड. पुस्तकात नेमका हाच भाग नव्हता.

एके दिवशी शिक्षिकेला यायला उशीर झाला. आदल्या दिवशी साधनांचे कपाट बंद करायला ती विसरली होती. येऊन पाहते तो मुलांनी कपाट उघडून आपापल्या आवडीची साधने घेतलेली आणि काम सुरू! तिला ती चोरी वाटली. बाईंना त्यात मुलांची निवड दिसली. त्यानंतर उंच कुलपी कपाटाऐवजी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे आली. आपल्या शाळेतील साधने किती वर्षे कुलपात होती, ते येथे न लिहिलेले बरे.

मुठी धरायच्या त्या तीन बोटांनी, ज्यांनी पुढे पेन्सिल धरायची. भूमितीच्या आकारांच्या कडेवरून बोट फिरवायचे, म्हणजे हात वळायला शिकतो. खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवायची. हे सगळे चालू असताना एके दिवशी गच्चीवर एका मुलाला बाईंनी खडूने धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. चित्र काढून झाल्यावर त्याने तोच शब्द लिहिला आणि आपल्याला लिहिता येते या आनंदाने ओरडू लागला. मग इतर मुलेही जेथे जागा मिळेल तेथे लिहू लागली. त्यांना लिहायला असे कोणी बसविले नव्हते. वाचन-लेखन केव्हा होते, याचे उत्तर कदाचित हेच असेल. तुकडे जुळविताना ते चालूच असते, आपल्याला दिसत मात्र नाही.

पुढची कीर्ती फार भराभर आली. १९०९ मध्ये त्यांचे पद्धतीवरचे पुस्तक निघाले, १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. १९१३ च्या डिसेंबरात त्या अमेरिकेला गेल्या तेव्हा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जागा पुरली नाही. टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल व त्यांच्या पत्नी त्यांचे समर्थक होते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग उभारला होता. बाहेर लोकांची गर्दी आणि आत मुले आपल्या कामात. विरोधही झाला. किलपॅट्रिक नावाच्या नामवंत प्राध्यापकांनी १९१४ मध्ये पुस्तक लिहून या साधनांचा वाव फार अरुंद आहे, मुलाच्या कल्पनेला त्यात जागा नाही अशी टीका केली, आणि अमेरिकेतील ती लाट काही वर्षांत ओसरली. ही टीका अगदीच खोटी नाही असे आम्हाला वाटते. एका मुलाने दट्ट्यांची आगगाडी केली तर खऱ्या मॉन्टेसरी वर्गात त्याला थांबवीत. आम्ही थांबविणार नाही. मात्र पेटी आगगाडी झाली की ती चूक दाखवीत नाही, हेही खरे.

मुसोलिनीशी त्यांचे संबंध हा दुसरा अवघड भाग. १९२४ पासून त्याच्या सरकारने मॉन्टेसरी शाळांना आश्रय दिला आणि बाईंनी तो घेतला. शाळा वाढाव्यात या ओढीने त्यांनी कोणाचा हात धरला, हे त्यांच्या चरित्रात लपवून चालणार नाही. पुढे बिनसले. १९३४ मध्ये त्यांनी इटली सोडली व तेथील शाळा बंद झाल्या. जर्मनीत नाझी राजवटीनेही बंद केल्या. बाई स्पेनमध्ये बार्सिलोना येथे राहत होत्या, १९३६ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले, म्हणून हॉलंडला गेल्या. तोवर लंडनमध्ये १९३१ साली महात्मा गांधींशी त्यांची भेट झाली होती. गोलमेज परिषदेसाठी गेलेल्या गांधीजींनी त्यांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात भाषणही केले.

नोव्हेंबर १९३९ मध्ये एकोणसत्तर वर्षांच्या मारियाबाई मारिओंसह मद्रासला आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष डॉ. अरुंडेल व त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी यांनी अड्यार येथे प्रशिक्षण वर्गासाठी बोलाविले होते. देशभरातून तीनशेच्या वर शिक्षक जमले. बाई इटालियनमध्ये बोलत, मारिओ इंग्रजीत सांगत. थोड्या महिन्यांचा बेत होता. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. बाईंना अड्यारच्या आवारात राहण्याचे बंधन आले. मारिओंना मात्र पकडून आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील नजरकैदेच्या छावणीत पाठविले.

त्या छावणीची हकिकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवले. आयुष्यभर ज्याला मुलगा म्हणता आले नाही, म्हातारपणी तोच आधार, तोच दुभाषा, आणि परक्या देशात तोही हिरावला गेला. ३१ ऑगस्ट १९४० हा बाईंचा सत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी व्हाइसरॉयने मारिओंची सुटका करून त्यांना आईकडे पाठविले, आणि सरकारी संदेशात त्यांचा उल्लेख त्यांचा मुलगा असा केला. बेचाळीस वर्षे जे नाते जगासमोर उघड बोलले गेले नव्हते ते एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कागदाने उघड झाले.

युद्धाची काही वर्षे दोघांनी कोडाईकनालच्या थंड डोंगरात काढली. तेथे निरनिराळ्या वयाची मुले एकत्र होती आणि भोवती रानोमाळ झाडे. पाने, फुले, मुळे यांचे प्रकार मुलांनी हाताळून शिकावेत यासाठीची बरीच साधने तेथेच आकाराला आली. अहमदाबादच्या वर्गातील व्याख्यानांवरून त्यांचे बालमनाविषयीचे प्रसिद्ध पुस्तक तयार झाले व १९४९ मध्ये अड्यारहून निघाले. म्हणजे जगभर वाचला जाणारा तो ग्रंथ मुळात आपल्या देशातील शिक्षकांसमोर बोललेला आहे.

मराठी मुलांपर्यंत ही पद्धत मात्र त्यांच्या येण्याच्या आधीच पोहोचली होती. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले होते, तेथे ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करीत. या दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाईंना कळले, की इटालियन नमुन्याच्या लाकडी पेट्या खेड्यातील शाळेला परवडायच्या नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या मुलांत दोघींनी शाळा चालविल्या. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, झाडाच्या काटक्या हीच त्यांची साधने. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावर नेली. मूळ पद्धतीच्या कडक अनुयायांना हे किती रुचले असते, शंका आहे. आमचा कौल ताराबाईंकडे आहे.

मारियाबाई १९४९ मध्ये भारतातून कायमच्या गेल्या. १९४९, १९५० व १९५१ अशी तीन वर्षे शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले, पारितोषिक मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले. वय ८१ होते, आणि त्या दिवसांतही आफ्रिकेला जाऊन शिक्षक तयार करण्याचे बोलणे चालू होते. मृत्युपत्रात त्यांनी मारिओंना मुलगा म्हणून नोंदविले.

आता आपल्या दुसरीच्या वर्गातील नकाशाविषयी. भारताचा हा लाकडी नकाशा शाळेत फार जुना आहे, इतका की त्यातील मध्य प्रदेशाचा तुकडा छत्तीसगडसह अखंड होता. १ नोव्हेंबर २००० नंतर तो चुकीचा झाला, म्हणून कोणीतरी तो कपाटावर टाकून दिला होता. गेल्या वर्षी आम्ही तो खाली काढला. शाळेच्या सुतारांनी बारीक करवतीने छत्तीसगड, झारखंड, उत्तराखंड वेगळे केले, आंध्रातून २०१४ चा तेलंगण काढला, जम्मू-काश्मीरमधून २०१९ चा लडाख. प्रत्येक तुकड्याला मूठ बसविली. गोव्याचा तुकडा एवढा लहान, की त्यावर मूठ मावेना. मग तेथे खिळ्याचे डोके ठेवले. सुतारकाम चालू असताना सातवीची मुले भोवती उभी होती आणि आमच्या शंकेप्रमाणे त्यांच्यापैकी निम्म्यांना हे तुकडे कधी व का वेगळे झाले ते ठाऊक नव्हते. त्या दिवशी त्यांनी विचारले.

बाजारातील पुठ्ठ्याच्या जिगसॉपेक्षा हा नकाशा आम्हाला जास्त उपयोगाचा वाटतो. पुठ्ठ्याच्या कोड्यात चित्र कोठेही कापलेले असते, तुकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. येथे प्रत्येक तुकडा म्हणजे एक प्रदेश. मूल त्याच्या कडेवरून बोट फिरविते तेव्हा ते सीमेवरून फिरत असते. पहिलीच्या मुलांना मात्र एवढे तुकडे एकदम देऊ नयेत, ती गोंधळतात. त्यांच्यासाठी पाच-सहा तुकड्यांची फळे-भाज्यांची कोडी केली आहेत.

अडचण मुलांची नव्हतीच, आमची होती. पहिल्या महिन्यात आम्ही वर्गात जाऊन बसलो आणि दहा मिनिटांत तीन मुलांना इकडे नाही, तिकडे ठेव असे सांगून आलो. शिक्षिकाही तेच करीत होत्या. आम्ही सांगितल्यावर मुले तुकड्याकडे पाहणे सोडून आमच्या तोंडाकडे पाहू लागत. मग ठरविले, की नकाशाच्या तासाला कोणीही मोठ्या माणसाने हात मागे बांधून बसायचे. हे किती कठीण जाते ते करून पाहिल्याशिवाय कळायचे नाही.

ज्या आजोबांनी प्रश्न विचारला होता त्यांना आम्ही वर्गात बोलाविले. ते आले, खुर्चीवर बसले. त्यांचा नातू केरळचा तुकडा पूर्व किनाऱ्याला बसवायची खटपट करीत होता. उलटा केला, फिरविला, दाबून पाहिला. आजोबांचा हात दोनदा पुढे गेला. दुसऱ्या खेपेला त्यांनी तो मागे घेऊन कोटाच्या खिशात घातला. सात-आठ मिनिटे गेली असतील. नातवाने केरळ बाजूला ठेवला, आधी तमिळनाडू बसविला, मग उरलेल्या फटीकडे पाहिले. जाताना आजोबा आम्हाला एवढेच म्हणाले की पुढच्या शनिवारी ते पुन्हा येतील.

नकाशाचा तास दर शनिवारी मधल्या सुट्टीनंतर असतो. वर्गात पालकांसाठी सहाच खुर्च्या ठेवता येतात, तेव्हा ज्यांना यायचे असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कार्यालयात नाव नोंदवावे.